आर्ची शेपचा घोगरा सूर

आर्ची शेपचा सॅक्सोफोन पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, वाद्य फुटलंय की काय. सूर स्वच्छ येतच नाही. खरवडत येतो, घसा बसल्यासारखा अडतो, मग एकदम ओरडतो. १९६१ साली अमेरिकेतल्या डाऊनबीट मासिकानं जॉन कोल्ट्रेनच्या वाजवण्याला ‘अँटी-जॅझ’ म्हणून हिणवलं होतं. कोल्ट्रेनच्या मागून आलेल्या शेपच्या वाट्यालाही तेच आलं. हे संगीत नव्हे, हा संताप आहे म्हणे. दोस्तहो, ही तक्रार आपल्या चांगल्या ओळखीची आहे. कवितेत शिवी आली की ‘ही कविता नव्हे, आरडाओरडा’ म्हणणारे पांढरपेशे इथंही कमी नव्हते. म्हणून त्या खरखरीचा इतिहास जरा नीट बघू.

मी सूतगिरणीत काम करतो. मशीनचं बेअरिंग कोरडं पडलं की आवाजानंच कळतं. गिरणीत खरखर म्हणजे बिघाड. पण रात्रपाळी सुटल्यावर कानात शेप लावतो तेव्हा हा हिशेब चालत नाही. त्याची खरखर मुद्दाम केलेली असते, आणि ती करायला कसब लागतं.

सॅक्सोफोन मूळ काळ्यांचा नव्हे. अॅडॉल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियन कारागिरानं १८४६ साली पॅरिसात त्याचं पेटंट घेतलं. लष्कराच्या बँडात तो वाजायचा. अंग पितळेचं, पण आवाज निघतो सनईसारख्या पत्तीतून. फुंकता फुंकता वाजवणारा घशातून गुरगुरला की दोन आवाज एकमेकांवर घासतात. ओठ सैल सोडले तर सुराच्या आधी नुसती हवा ऐकू येते. बेन वेब्स्टर संथ गाण्यात ही हवा फार सुंदर वापरायचा, आणि शेपनं ती त्याच्याकडून उचलली. म्हणजे पलटणीच्या वाद्यात काळ्या माणसांनी आपला घसा घातला, आणि तोही शेपच्या आधीच.

शेप १९३७ सालचा. जन्म फ्लोरिडात, वाढला फिलाडेल्फियात. बाप बँजो वाजवायचा. कॉलेजात शिकला नाटक. १९६४ साली कोल्ट्रेनच्या शब्दावर इम्पल्स कंपनीनं त्याची रेकॉर्ड काढली, तीही कोल्ट्रेनच्या चाली वाजवायच्या अटीवर. तिच्यापाठोपाठ आली ‘फायर म्युझिक’. २१ फेब्रुवारी १९६५ ला माल्कम एक्सचा खून झाला. ९ मार्चला शेपनं स्टुडिओत माल्कमवरची आपली कविता म्हटली आणि मग सॅक्सोफोन तोंडाला लावला. सोबत फक्त बास आणि ड्रम. मध्ये फक्त सोळा दिवस! प्रस्थापितांचा शोकलेख एवढ्यात छापूनसुद्धा येत नाही.

१९७१ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या अॅटिका तुरुंगात कैद्यांनी ताबा घेतला. मागण्या साध्या होत्या : माणसासारखं वागवा. चौथा दिवस उलटताच सरकारनं गोळ्या घातल्या. एकूण ४३ माणसं मेली. ओलीसही सरकारी गोळ्यांनीच मेले. १९७२ च्या जानेवारीत शेपनं ‘अॅटिका ब्लूज’ केली. मोठा वाद्यवृंद, गाणारे, व्हायोलिनं, सगळा लवाजमा. (त्याच वर्षी मुंबईत ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली.) त्या रेकॉर्डवरचं शेवटचं गाणं संगीतकार कॅल मॅसीची सात वर्षांची पोर गाते. तिचा सूर पक्का नाही. तो तसाच ठेवलाय. मला सगळ्या रेकॉर्डमध्ये ही जागा सगळ्यात जास्त आवडते.

आता भांडणाची जागा. १९७७ साली कोपनहेगनमध्ये शेप हॉरेस पार्लनच्या पियानोबरोबर ‘गोइंग होम’ वाजवतो. पार्लनचा उजवा हात लहानपणी पोलिओनं गेलेला, म्हणून डावा हात जास्त राबणारा. रेकॉर्डवर काय, तर बहुतेक गुलामीच्या काळातली भजनं. अगदी हळू. आग विझली, असं कुणाला वाटेल. पण ह्या गाण्यांची लाज वाटणं जुनं आहे. १८७१ साली फिस्क विद्यापीठाचे गायक देणग्या गोळा करायला बाहेर पडले, तेव्हा गुलामीतून सुटलेल्या त्या पोरांनाही मालकाच्या काळातली गाणी चारचौघांत गायला नको वाटत होती.

आपल्याकडं १९५६ नंतर कित्येक गावांत आपल्या माणसांनी हलगी खाली ठेवली. ती वेठीनं वाजवायला लागायची, मढ्यापुढं नि पालखीपुढं. ठेवली ते बरोबरच केलं. पण शेपला कुणी वेठीनं बोलावलं नव्हतं. गाणं तेच, मालक मात्र कुणी नाही, हा फरक लहान नाही. आणि त्या संथ सुरांत कान देऊन ऐका : तीच हवा, तीच गुरगुर. माल्कमसाठी ओरडलेला घसा इथं हळू बोलतोय, एवढंच. विझला म्हणणाऱ्याचं मला पटत नाही.

पुढं त्यानं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुमारे तीस वर्षं काळ्यांचं संगीत शिकवलं. २०२१ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी, जेसन मोरानच्या पियानोबरोबरची ‘लेट माय पीपल गो’ आली. २०१७ आणि २०१८ च्या मैफलींतली. ‘गो डाऊन मोझेस’ १९७७ च्या रेकॉर्डवर आहे, हिच्यावरही आहे. आधी जुनं ऐका, मग हे. दम कमी झालाय, सूर हलतो, आणि म्हातारा मधेच तोंडानं गायला लागतो.