गाडी पडली तर...

एका रात्री कामरगावहून वहिनीचा फोन आला. नेहमीच्या गोष्टी झाल्या, तुरीला भाव काय, कोणाच्या घरी लग्न काढलंय, पोराचं अमरावतीला होस्टेलमध्ये कसं चाललंय. मग जरा थांबून म्हणाली, "ताई, मले स्कूटर शिकाची हाये. कोनती घेऊ?"

मी काही बोलणार तेवढ्यात तिचा पुढचा प्रश्न आला. "पन गाडी पडली त?"

मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. 'मी पडली त' असं ती म्हणालीच नव्हती.

ज्या नातेवाईकांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. गेल्या दिवाळीनंतर दादाला फिट येऊन गेली. औषधं सुरू आहेत, तब्येत ठीक आहे, पण डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं स्पष्ट सांगितलं आहे. वहिनी कारंज्याला एका पतसंस्थेत काम करते. इतकी वर्षं दादा सकाळी तिला स्प्लेंडरवर सोडायचा आणि संध्याकाळी घेऊन यायचा. आता एसटी मिळाली तर एसटी, नाही तर काळी-पिवळी, आणि तीही भरल्याशिवाय हलत नाही. दोनदा उशिराचे पैसे कापले गेले. त्यामुळे बेचाळिसाव्या वर्षी स्कूटर शिकणं ही तिची हौस नाही. नोकरी टिकवायची आहे.

तर कोणती गाडी घ्यावी? एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. पण 'गाडी पडली त' हे कुठून आलं ते शोधायला लागले आणि बरीच मागे गेले. आमच्या घरात मागे जायचं म्हणजे १९८४ सालात.

त्या वर्षी बाबांची चेतक आली. नोंदणी १९७६ ची! मधल्या आठ वर्षांत माझा जन्म झाला, आजी गेली, विहीर खणून झाली. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. नंबर लागल्याचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते शेजाऱ्यांना वाचून दाखवलं होतं म्हणे. आज हे कोणाला सांगितलं तर अतिशयोक्ती वाटते, पण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अशीच गोष्ट असणार. १९६० साली केंद्र सरकारने स्कूटरच्या वितरणावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेशच काढला होता. कारखान्याने किती गाड्या बनवायच्या ते परवान्यावर ठरायचं, सरकारी नोकरांसाठी वेगळा कोटा, आणि परदेशातून परकीय चलनात पैसे भरणारा कोणी भाऊबंद असेल तर रांग ओलांडता यायची. आमचा परदेशातला एकमेव नातेवाईक म्हणजे हैदराबादचे काका :)

बजाज मंडळींनी १९४८ पासून व्हेस्पा आयात करून विकल्या. १९५९ मध्ये त्यांना इथे बनवायचा परवाना मिळाला आणि इटलीच्या पियाज्यो कंपनीशी करार करून पुण्याजवळ आकुर्डीत स्कूटर बनू लागल्या. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये त्याच घडणीची चेतक आली, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन. मागणी इतकी की पुढे १९७५ साली राज्य सरकारचं एक विकास महामंडळ आणि बजाज यांनी मिळून साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्स काढली आणि तिथून 'प्रिया' निघू लागली. तरी रांग काही हटेना.

गंमत पुढे आहे. मूळ व्हेस्पा, १९४६ सालची, ज्याने आखली तो कोरादिनो दास्कानियो हा विमानं आणि हेलिकॉप्टरचा इंजिनियर. त्याला मोटारसायकली मुळीच आवडत नसत. तेलाने कपडे खराब होतात, चेन उघडी असते, पंक्चर झालं की चाक काढणं जिकिरीचं, आणि बसायचं तर टांग टाकून. म्हणून त्याने इंजिन पत्र्याच्या आड लपवलं, चेन काढूनच टाकली, गिअर हँडलवर आणला, पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं आणि गुडघ्यांमध्ये मोकळी जागा ठेवली. म्हणजे ज्यांना मोटारसायकलची भीती किंवा किळस वाटते, त्यांच्यासाठीच ही गाडी जन्माला आली. झगा घातलेल्या बाईने चालवावी, साहेबाने चालवावी, पाद्र्याने चालवावी. आपल्याकडे धोतरवाल्याने आणि लुगडंवालीने चालवायला काय हरकत होती?

हरकत रांगेची होती. आठ-दहा वर्षं वाट पाहून मिळालेली वस्तू कोणी शिकाऊ माणसाच्या हातात देत नाही. गाडी घरातल्या कर्त्याची झाली. बाबा तिला रविवारी स्वतः पुसायचे, कापडाची घडी वेगळी ठेवलेली. आई मागे एका बाजूला पाय टाकून बसायची, मी पुढे उभी. आईला चालवायला शिकव असं कोणी म्हटलं नाही, आणि खरं तर आईनेही म्हटलं नाही.

मी मात्र म्हटलं. १९९३, दहावीची परीक्षा संपलेली. बाबांनी नाही हो करत वाड्यासमोरच्या पटांगणात गाडी दिली. आता ज्यांनी चेतक चालवली नाही त्यांना सांगते, डाव्या हाताने क्लच दाबायचा, त्याच हाताने मनगट वळवून पहिला गिअर टाकायचा, मग क्लच हळूहळू सोडत उजव्या हाताने रेस द्यायची, आणि ब्रेक उजव्या पायाखाली. शिवाय इंजिन एकाच बाजूला, उजवीकडे. त्यामुळे गाडी थांबली की स्वतःच्याच वजनाने तिकडे कलायला बघायची. शंभर किलोच्या वरचा पत्रा! मी क्लच एकदम सोडला. गाडी उडी मारून पुढे गेली आणि आम्ही दोघीही उजव्या कुशीवर.

ओसरीवर बसलेली सगळी माणसं धावली. बाबा, काका, शेजारचे आबाजी. आणि सगळ्यांनी मिळून आधी गाडी उचलली.

कोणाबद्दल तक्रार म्हणून हे लिहीत नाही (बाबा, वाचत असाल तर रागावू नका). त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. आठ वर्षं लागली होती ती गाडी यायला, माझं कोपर काय, आठ दिवसांत बरं होणार होतं. झालंही. पण त्यानंतर मी त्या गाडीला हात लावला नाही, आणि पुढे कितीतरी वर्षं कोणी चालवायला दे म्हटलं की माझ्या तोंडून वहिनीसारखंच वाक्य यायचं. गाडी पडली तर?

म्हणून मला वाटतं की आमच्या पिढीतल्या बायकांची ही भीती रस्त्याची नव्हती. ती परवान्याची आणि रांगेची होती, आणि रांग संपल्यावरही घरात राहून गेली.

त्याच काळात एक गाडी अशी होती जी पडली तरी कोणाला काही वाटत नसे. लूना! १९७२ मध्येच, म्हणजे चेतकच्याच वर्षी, फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ती अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) काढली. पन्नास सीसी, सायकलसारखे पायडल, हाताने दाबायचा क्लच नाही, गिअर नाही. अमरावतीची आमची आत्या शिक्षिका, पाच फूटसुद्धा उंच नव्हती, ती पातळ नेसून लूनावर शाळेत जायची. पेट्रोल संपलं तर पायडल मारत पंपापर्यंत. घरातले पुरुष लूनाची टर उडवायचे. पण टर उडवली जात होती म्हणूनच ती आत्याच्या वाट्याला आली, हे मला फार उशिरा कळलं. दोनदा पडली ती, आणि दोन्ही वेळा तिने स्वतःच उचलली. आजवर लूनाच्या इतिहासात हे कोणी लिहिलंय की नाही माहीत नाही, असो.

मी शिकले ती १९९६ मध्ये पुण्यात, मैत्रिणीच्या कायनेटिक होंडावर. १९८४ साली फिरोदिया आणि जपानच्या होंडाने एकत्र येऊन ती काढली होती. बटण दाबलं की सुरू, गिअरच नाही. पहिल्यांदा बटण दाबलं आणि ती सुरू झाली तेव्हा फसवल्यासारखं वाटलं. एवढंच होतं? मग ते मनगट वळवणं वगैरे कशासाठी चाललं होतं इतकी वर्षं? सनी आणि स्कूटी तोवर आलेल्या होत्याच, पुढे २००१ मध्ये होंडाची ॲक्टिवा आली आणि चित्रच पालटलं. २००५-०६ च्या सुमारास जुनी चेतक बंद झाली, २००९ मध्ये बजाजने स्कूटरच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्या गाडीसाठी बाबांनी आठ वर्षं वाट पाहिली, तिला शेवटी गिऱ्हाईक उरलं नाही. २०१९-२० मध्ये तेच नाव विजेच्या स्कूटरवर परत आलं.

आता वहिनीचा प्रश्न.

घरात दादाची स्प्लेंडर आहे, तीच शिक असं सासरे म्हणतात. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. मोटारसायकलची चाकं मोठी, त्यामुळे खड्ड्यात आणि पांदण रस्त्यावर ती स्कूटरपेक्षा कमी गडबडते. शिवाय क्लच ही घाबरटाची शत्रू नसते, उलट तो दाबला की इंजिनचा जोर सुटतो. बिनगिअरच्या स्कूटरवर ही सोय नाही. घाबरलेला माणूस मूठ घट्ट आवळतो, आणि त्या मुठीत नेमकी रेस असते. नवशिक्यांचे निम्मे धडपडणे मला वाटतं यातूनच होतं. गाडी सुरू ठेवून, रेसवर हात ठेवून ढकलायला जायचं नाही, हे मी तिला तीनदा सांगितलं.

पण शिकायचं वहिनीला आहे. हात, पाय, रस्ता, ट्रक आणि भीती हे सगळं एकाच वेळी सांभाळायचं असताना गिअर कमी झाला तर तेवढंच ओझं कमी. लायसन्सही बिनगिअरचं वेगळं मिळतं. म्हणून मी सांगितलं, कंपनीचं नाव विसर. शोरूममध्ये जा, गाडीवर बस आणि चपला घालून दोन्ही पाय पूर्ण टेकतात का बघ. चवड्यांवर उभं राहावं लागत असेल तर उतर. मग गाडी डबल स्टँडवरून काढ, लाव, चार पावलं ढकल, सेल्समन मदतीला आला तर त्याला लांब उभं कर. किलो-दोन किलोचा फरक कागदावर काहीच नसतो, पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात तो बरोबर कळतो. पुढचं चाक दहा इंची असण्यापेक्षा बारा इंची बरं. आणि सेकंडहँड घेणार असशील तर एप्रिल २०१९ नंतरची बघ, कारण तेव्हापासून सव्वाशे सीसीपर्यंतच्या सगळ्या नव्या गाड्यांना जोडब्रेक किंवा एबीएस सक्तीचं झालं. डावा ब्रेक दाबला की जोडब्रेकमध्ये पुढचाही थोडा लागतो. घाबरून एकच ब्रेक करकचून दाबणाऱ्यांसाठीच ते आहे.

विजेच्या गाडीचं तिने विचारलं. नवी चेतक घ्यावी, बाबांनाही बरं वाटेल. पण ती जड, आणि गावातल्या भारनियमनाचं मी तिला काय सांगणार? टीव्हीएसची एक्सएल सुचवली, सोळा इंची चाकं, हलकी, गिअर नाही, तिच्या रस्त्याला सगळ्यात योग्य. फोनवर शांतता. मग, "ते त दूधवाल्याची गाडी हाये ना ताई." आत्या आठवली. पण मी आग्रह केला नाही.

शेवटी तिने चार वर्षं वापरलेली एक स्कूटर ठरवली आहे, कारंज्याच्याच एका बाईंची. डाव्या बाजूला आधीच लांबलचक ओरखडा आहे, म्हणून दोन हजार कमी झाले. मला तो ओरखडा फार आवडला.

दादा तिला रविवारी शाळेच्या मैदानावर शिकवतो. स्वतः बसत नाही, शेजारून पळतो. पहिल्या रविवारी इंजिन बंद ठेवून नुसतं ढकलणं आणि ब्रेक, दुसऱ्या रविवारी सुरू करून. बाबा खुर्ची टाकून बघायला बसतात आणि प्रत्येक वेळी "क्लच सोड" म्हणतात. क्लच नाही हे त्यांना रोज नव्याने सांगावं लागतं.

तिसऱ्या रविवारी ती पडलीच. इंडिकेटर फुटला. मी विचारलं, लागलं का? तर म्हणाली, थोडं खरचटलं, अन् इंडिकेटर मेकॅनिककडे मिळते, जास्त पैसे नाही लागत.

शिकाऊ लायसन्सचे तीस दिवस पुढच्या आठवड्यात भरतात. मग पक्क्या लायसन्सची चाचणी, तिथे गाडी सोबत न्यावी लागते. गावाजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही, आणि तशीही वहिनी त्यावर गेली नसती. जुन्याच रस्त्याने जायचं ठरलंय. दादा मागे बसणार. त्याला मागे बसायची सवय नाही, कुठे धरायचं असं तो विचारत होता.