कार्बोरेटरवरची फिर्याद

फाळणीनंतर तोफखान्याची शाळा काकुलहून देवळालीस आली, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, आणि मामलेदारापासून गटविकास अधिकाऱ्यापर्यंतचा सरकारी अंमल पेठ-सुरगाण्याच्या डोंगरवाटांवर जीपमधून फिरू लागला. त्या काळात नाशिकच्या मिस्त्रींच्या हाती महिंद्रांच्या विलीज जीपचे चार सिलिंडरांचे, सुमारे २.२ लिटरचे ‘हरिकेन’ इंजिन आले, आणि त्याचा कार्बोरेटर हा त्याचा सर्वांत बदनाम भाग ठरला.

ही बदनामी बहुतांशी अन्यायाची होती. गाडी मिसिंग करू लागली, की ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आला’ असे म्हणून ड्रायव्हर बेलाशक मोकळा होई. परंतु जाणता मिस्त्री पेचकस हाती घेण्यापूर्वी प्लग काढून उजेडात धरी. टोकावर कोरडी काजळी असल्यास पेट्रोल अधिक, पांढुरकी छटा असल्यास हवा अधिक, आणि विटकरी रंग असल्यास मिश्रण निर्दोष समजून तो पॉइंट व कंडेन्सरकडे वळे. मग पेट्रोलपंपाची नळी सोडून, इंजिन फिरवून, धार जोमदार येते की नाही हे तो पाही. आणि त्यानंतरच, इंजिन बंद ठेवून, कार्बोरेटरच्या तोंडातून आत डोकावत अ‍ॅक्सिलरेटर दाबी. बारीक धार तत्क्षणी सुटली नाही, तर मात्र फिर्याद खरी. पेट्रोल ओसंडत असेल, तर फ्लोटच्या सुईची बैठक झिजलेली.

व्हॅक्यूम गेज ज्यांच्यापाशी असे, ते थोडे. पण त्याचाही अर्थ स्थलपरत्वे लावावा लागे, कारण समुद्रसपाटीवर १७ ते २१ इंच दाखविणारा काटा सुमारे ६०० मीटर उंचीच्या नाशकात, इंजिन धडधाकट असूनही, दोनएक इंच खालीच राहतो. कसारा घाटात भर उन्हात बंद पडलेल्या गाडीचा दोष तर अनेकदा नळीत वाफ झालेल्या पेट्रोलचा. पंपावर ओले फडके टाकून थोडे थांबले, की ती आपसूक चालू होई.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, जीपा डिझेलकडे वळल्या, आणि डिझेल इंजिनांची नोझले घडविणारा मायकोचा कारखाना सातपुरातच असल्यामुळे ही विद्या नाशकात कालबाह्य करणारे साधनही नाशकातच तयार होत होते, हा योगायोग कोणी फारसा नोंदलेला दिसत नाही. सुट्या भागांच्या दुकानदारांनी मात्र निर्दोष कार्बोरेटरांच्या बदल्यात पुष्कळ नवे विकले. ज्यांच्या अंगणात अद्याप पेट्रोल जीप उभी असेल, त्यांनी नव्या कार्बोरेटरची तजवीज करण्यापूर्वी चारही प्लग काढून पाहावेत.