जॉबर

मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगार आणणे, त्यांना काम शिकवणे, त्यांची हजेरी राखणे आणि त्यांना कामावरून काढणे ही सर्व कामे ज्याच्या हाती असत तो खात्यावरचा मुकादम. कोकणी कामगाराच्या तोंडी ‘जाबर’ असेही रूप होते. मोठ्या खात्यात हेड जॉबर आणि त्याच्या हाताखाली लाइन जॉबर अशी उतरंड असे. स्त्रियांच्या खात्यावर असलेल्या बाईला नायकीण म्हणत. आज मनुष्यबळ विभागाकडे असलेली बहुतेक कामे मुंबईत पहिली गिरणी निघाल्यापासून (कंपनीची स्थापना १८५४) सुमारे ऐंशी वर्षे या एका माणसाकडे होती.

रत्नागिरीचा संबंध : १९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते, १९३१ पर्यंत हा वाटा सुमारे पावावर आला. आजचा सिंधुदुर्ग १ मे १९८१ पर्यंत याच जिल्ह्यात होता, हे वरील आकडे वाचताना ध्यानात ठेवावे लागते. वरकस जमीन, पावसावरचे एकच पीक, वाटण्यांनी तुकडे झालेली शेते आणि खोतीचा जाच (खोती कायद्याने रद्द झाली ती १९४९ मध्ये) ही स्थलांतराची नेहमी दिली जाणारी कारणे. किनाऱ्यावरच्या बंदरांतून मुंबईला जाणाऱ्या बोटींनी वाट सोपी केली. पावसाळ्यात बोटी बंद असत.

भरतीची रीत : कोकणातून उतरलेला मुलगा सहसा थेट गिरणीच्या दारात जात नसे. तो आधी गावकीच्या खोलीवर जाई. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-पंधरा जण एकाच गावचे, पुष्कळदा एकाच भावकीचे असत. त्यांतला कोणी त्याला आपल्या जॉबरकडे नेई. जॉबरही त्याच मुलखातला किंवा जातीतला असला तर काम लवकर होई. नोकरी लागली की जॉबरला दस्तुरी, म्हणजे नेमणुकीबद्दलची रक्कम, द्यावी लागे. पगार महिन्याने होई, तोही पुढच्या महिन्याचे बरेच दिवस उलटल्यावर. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभेत मांडलेल्या मागण्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा अशीही मागणी होती. पहिला पगार हाती येईपर्यंत नव्या माणसाला जेवण खानावळीत उधारीवर आणि धान्य वाण्याकडे खात्यावर मिळे. त्यासाठी कोणाच्या तरी शब्दाची जामिनकी लागे, आणि तो शब्द बहुधा जॉबरचा असे.

१८९६ च्या प्लेगात हजारो कामगार कोकणात परतले आणि त्याच्यामार्फत चालणारी नेहमीची भरती अपुरी पडली, तेव्हा जॉबरचे मोल मालकांना कळले. साचे (माग) बंद पडू नयेत म्हणून गिरण्यांनी रस्त्याच्या कोपऱ्यांवर रोजाची बोली लावून माणसे ओढली आणि पगार रोजच्या रोज चुकता केला.

प्रशिक्षण : नवा मुलगा चुलत्याच्या किंवा गाववाल्याच्या साच्याजवळ उभा राहून, पुष्कळदा बिनपगारी, तुटलेला धागा सांधायला शिके. हात बसला की जॉबर त्याला बदलीवर घेई. शिमग्याला, गणपतीला किंवा लावणीला मूळ कामगार गावी गेला की त्याच खोलीतला दुसरा त्याच्या साच्यावर उभा राही. त्यामुळे कामावरची जागा माणसाची कमी आणि घराण्याची जास्त होऊन बसे. जॉबरविषयीची माहिती मुख्यतः मालकांच्या साक्षी आणि सरकारी चौकशा यांतून येते. चौकशीला तक्रार दिसते, शिकवणी दिसत नाही. म्हणून त्याची दस्तुरी ठळक राहिली आणि त्याच्या हाताखाली तयार झालेल्या विणकरांच्या पिढ्या पुसट झाल्या. प्रस्तुत नोंदकाराच्या मते गिरणगावातले (मुंबईच्या गिरणी वस्तीतले) कौशल्यशिक्षण प्रामुख्याने साच्याजवळचे हे शिकणेच होते.

जातिभेद : नात्यागोत्यातून होणाऱ्या भरतीची दुसरी बाजू साचेखात्यात दिसे. धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्याचा विटाळ मानून अस्पृश्य कामगारांना विणकामाच्या, म्हणजे जास्त पगाराच्या, खात्यात घेत नसत. ते रिंगखात्यातच (सूतकताईत) राहत. १९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे (ता. मंडणगड) रत्नागिरी जिल्ह्यातलेच.

संघटना आणि जॉबर : जॉबर हा मालकाचा माणूस की कामगारांचा, याचे एक उत्तर देता येत नाही. संप फोडायला त्यानेच माणसे आणली आणि संपात खाते बाहेर काढलेही त्यानेच. १९२८ चा संप सुमारे सहा महिने चालला. त्यातून उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनच्या गिरणी समित्यांनी खात्यावरच्या तक्रारी थेट हाती घेतल्या, आणि जॉबरच्या अधिकाराला प्रथमच आतून स्पर्धा निर्माण झाली. त्याची सत्ता खरोखर किती होती याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ही सत्ता मजुरांच्या तुटवड्यातून आली असे मानले जाई, पण मॉरिस डी. मॉरिस (१९६५) यांना मुंबईत मजुरांचा तुटवडा होता हेच मान्य नाही. राजनारायण चंदावरकर (१९९४) जॉबरचा जोर गिरणीपेक्षा वस्तीतल्या संबंधांवर अवलंबून असल्याचे दाखवतात.

अधिकाराचा ऱ्हास : भारतातील कामगारविषयक शाही आयोगाने, म्हणजे व्हिटली आयोगाने (अहवाल १९३१), जॉबरकडून नेमणुकीचा आणि बडतर्फीचा अधिकार काढून कामगार अधिकारी नेमावेत अशी शिफारस केली. मुंबई इलाख्याच्या १९३४ च्या कायद्याने सरकारी कामगार अधिकारी आला. पाठोपाठ गिरण्यांनी आपापले अधिकारी नेमले. १९३५ पासून बदली कामगारांना कार्डे देऊन रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरण्याची पद्धत सुरू झाली. १९३८ च्या औद्योगिक विवाद कायद्यानंतर नोकरीच्या अटी ठरवणारे स्थायी आदेश आले. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४९ ने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. या पदांसाठी शिकलेली माणसे मुंबईतच तयार होऊ लागली होती. १९३६ मध्ये निघालेली, आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी शाळा आणि १९४७ ची शासकीय कामगार संस्था (आता लोखंडे यांच्या नावाने) या त्यांतल्या प्रमुख. बदलीची कार्डे कागदावर कामगार अधिकाऱ्याची झाली, तरी शिफारस जॉबरचीच चाले, अशी तक्रार पुढेही बराच काळ होत राहिली.

स्त्रिया : मुख्यतः वाइंडिंग व रीलिंग खात्यात, नायकिणीच्या हाताखाली.

उत्तरकाळ : दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि खात्याबरोबर जॉबरचे पदही गेले. बरेच कामगार रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरी परतले. बदली कामगारांची नावे कायमच्या पटावर नसल्याने देणी ठरवताना त्यांचे हाल जास्त झाले.

रत्नागिरी जिल्ह्यातील भरतीची आजची स्थिती : कोकण रेल्वेने (महामंडळाची स्थापना १९९०, एक विभागीय कार्यालय रत्नागिरीत) भरतीत प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य दिले. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमार बोटींवर मात्र खलाशी जमवण्याचे काम, जॉबरसारखेच, अजून तांडेलाकडेच (बोटीच्या प्रमुखाकडेच) आहे.