नाळेची डबी

जपानमध्ये बाळाची नाळ जपून ठेवण्याची जुनी रीत आहे. वाळून गळून पडलेला तुकडा कागदात गुंडाळायचा, लहानशा लाकडी डबीत घालायचा, नाव आणि जन्मतारीख लिहायची आणि डबी कपाटात ठेवून द्यायची. आपल्याकडे नाळ कुठे पुरली यावरून माणसाचं गाव सांगतात. तिथे डबी उघडली की तारीख कळते. मिनामातात याच डब्यांमधून एका कारखान्याच्या सांडपाण्याचा हिशेब बाहेर आला.

मिनामाता हे क्युशू बेटावरचं, कुमामोतो प्रांतातलं किनाऱ्याचं गाव. तिथे चिस्सो कंपनी १९३२पासून अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवत होती. त्यासाठी पारा वापरायचे. त्यातला काही मिथिलमर्क्युरी होऊन सांडपाण्याबरोबर खाडीत जायचा, तिथून माशांत आणि माशांतून कोळ्यांच्या ताटात. आधी मांजरं वेड्यासारखी नाचून मरू लागली. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच इस्पितळातून डॉ. होसोकावा हाजिमे यांनी अनोळखी मेंदूविकाराची खबर सरकारी आरोग्य केंद्राला दिली. १९५९मध्ये कुमामोतो विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्यावर बोट ठेवलं. त्याच वर्षी होसोकावांनी कारखान्याचं सांडपाणी एका मांजराला खाण्यातून घातलं. चारशे नंबरचं ते मांजर तसंच आजारी पडलं आणि कंपनीने तो प्रयोग दाबून टाकला. डिसेंबरात रुग्णांना ‘सांत्वनाची रक्कम’ देऊन करार केला: पुढे कंपनीचा दोष सिद्ध झाला तरी जादा भरपाई मागायची नाही. ज्याला आपला दोष ठाऊक नाही, त्याला असं कलम सुचत नाही.

मोजायची सोय तेव्हाही होती. मिथिलमर्क्युरी केसात उतरतो आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे मुळापासून बारा सेंटिमीटरवर गेल्या वर्षीचं जेवण. अंगात राहिलेल्या अशा मोजता येणाऱ्या खुणेला बायोमार्कर म्हणतात. माझा दिवस सर्व्हरचे लॉग चाळण्यात जातो, त्यामुळे ही कल्पना मला लगेच आपली वाटली. फक्त हा लॉग न्हाव्याखेरीज कोणाला पुसता येत नाही. १९६०पासून प्रांताच्या प्रयोगशाळेने किनाऱ्यावरच्या लोकांचे केस तपासले. गोशोनोउरा बेटावरच्या एका बाईच्या केसात ९२० पीपीएम पारा निघाला. प्रौढ माणसाला ५०च्या आसपासच मज्जासंस्थेचा धोका सुरू होतो असं आज धरतात. एवढा आकडा हातात असूनही कारखाना आणखी आठ वर्षं पारा सोडत राहिला. उपकरण नव्हतं म्हणून उशीर झाला, हे म्हणूनच मला पटत नाही.

आता मुलांची गोष्ट. १९६१मध्ये हाराडा मासाझुमी हे तरुण डॉक्टर गावात फिरत होते. एका घराच्या ओसरीवर दोन भाऊ खेळताना दिसले, दोघांचीही लक्षणं सारखीच. आई म्हणाली, थोरल्याला मिनामाता रोग आहे. धाकट्याला जन्मतःच मेंदूचा पक्षाघात आहे असं डॉक्टर म्हणतात, कारण त्याने मासे खाल्लेच नाहीत. आणि मग तिने विचारलं की मासे मी खाल्ले, माझ्या पोटातून त्याच्याकडे गेलं नसेल कशावरून? वार विष अडवते, अशी तेव्हा वैद्यकाची समजूत होती. आयांची शंका खरी ठरली. १९६२मध्ये एका मुलीच्या शवविच्छेदनानंतर जन्मजात मिनामाता रोग मान्य झाला. मिथिलमर्क्युरी वारेतून सहज पार होतो, इतका की नाळेच्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षाही जास्त सापडतो. आई त्यामानाने धडधाकट का दिसते, याचा एक भाग इथे आहे. पोरानं माझं विष स्वतःवर घेतलं, असं म्हणणाऱ्या आया तिथे होत्या. रसायनशास्त्रही जवळपास तेच सांगतं.

पण वर्षं उलटलेली. जन्माच्या वेळी पारा किती होता, हे दहा वर्षांच्या मुलाच्या रक्तावरून सांगता येत नाही. तेव्हा हाराडांना त्या डब्या आठवल्या. त्यांनी घरोघरी जाऊन नाळेचे तुकडे मागितले. आयांनी जपलेली ती वस्तू प्रयोगासाठी द्यायची म्हणजे त्यातला काही भाग कायमचा गमवायचा. तरी लोकांनी दिल्या. १९७५मध्ये निशिगाकी आणि हाराडा यांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. नाळेतला मिथिलमर्क्युरी जन्मवर्षानुसार मांडला, तर तो कारखान्याच्या अ‍ॅसिटाल्डिहाइड उत्पादनाबरोबर चढत-उतरत होता. १९६०च्या सुमाराला साथ संपली असं मानलं जात होतं. त्यानंतर जन्मलेल्यांच्या डब्यांतही पारा होता. उत्पादन बंद झालं ते मे १९६८मध्ये, आणि सरकारने कंपनीकडे बोट दाखवलं सप्टेंबरात.

२००९मध्ये जपानच्या संसदेने उरलेल्या पीडितांसाठी मदतीचा कायदा केला. त्याखाली अर्ज करणारा नोव्हेंबर १९६९नंतर जन्मलेला असेल, तर त्याच्याकडे संपर्काचा पुरावा मागितला गेला: नाळेतल्या किंवा आईच्या केसांतल्या पाऱ्याचा आकडा. ज्यांची डबी घर बदलताना हरवली किंवा ज्यांच्या आईने नाळ ठेवलीच नव्हती, त्यांच्याकडे दाखवायला फक्त स्वतःचं शरीर होतं.