अठ्ठेचाळीसचे जळीत आणि आपण

कोयनानगरच्या जुन्या माणसाला तारीख विचारा, तो ११ डिसेंबर १९६७ सांगेल. त्या पहाटेच्या भूकंपाने घरे पाडली, माणसे गाडली. दर डिसेंबरात त्या आठवणी निघतात. पण त्याच्या एकोणीस वर्षे आधी याच जुन्या सातारा जिल्ह्यात माणसांनी माणसांची घरे जाळली होती. फेब्रुवारी १९४८ ची ती आठवण मात्र कोणी काढत नाही. मी इतिहास शिकवतो. गांधीहत्येचा धडा संपला आणि मी या जळिताविषयी बोललो, तेव्हा आपल्याच वस्तीतला एक विद्यार्थी वर्गाबाहेर गाठून म्हणाला, "सर, त्यात आपलं काय जळलं? बरंच झालं की!" हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत नथुराम गोडसेने गांधीजींचा खून केला. मारेकरी पुण्याकडचा ब्राह्मण आहे हे कळताच मुंबई, पुणे, नागपूर येथे ब्राह्मणांच्या घरांवर आणि दुकानांवर जमाव चालून गेले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. सातारा जिल्ह्यात आणि भोवतालच्या संस्थानांत ही आग खेड्यापाड्यांत शिरली. माणदेशातले ते दिवस व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ' कादंबरीत आले आहेत.

तेव्हा देश कोणत्या उंबरठ्यावर उभा होता, हे लक्षात घेतले पाहिजे. १५ ऑगस्ट १९४७ ला सत्ता हाती आली होती. संविधान लागू व्हायला १९५० उजाडायचे होते, आणि प्रौढ मताधिकाराची पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती १९५१-५२ मध्ये. सांगली, औंध, मिरज ही संस्थाने मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. जळिताच्या वेळी तिथला जुना अंमल मावळतीला लागला होता. एक सत्ता जाते आणि दुसरी अजून रुजलेली नसते, तो काळ सर्वत्रच रक्ताचा ठरतो. दक्षिण आफ्रिकेत १९९० साली मंडेला सुटले. १९९४ ची निवडणूक होईपर्यंत तिथे हजारो माणसे मारली गेली.

पण साताऱ्यातच आग एवढी का पसरली? काही जण याचे श्रेय किंवा अपश्रेय सत्यशोधकी परंपरेला देतात. १९१९ ते १९२१ या काळात या जिल्ह्यातल्या कुळांनी ब्राह्मण जमीनदारांविरुद्ध बंड केले होते, हे खरे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने सावकार, दरोडेखोर आणि खबरे यांना शासन केले, हेही खरे. त्या शिक्षा कठोर होत्या. 'पत्री सरकार' हे नाव त्यातूनच पडले. तरीही न्यायदान मंडळापुढे आरोप असे तो त्या माणसाच्या करणीचा. अठ्ठेचाळीसला करणी कोणी विचारलीच नाही. आडनाव हाच गुन्हा ठरला. एकाच्या कृत्यासाठी साऱ्या जातीला शिक्षा करायची, हा न्याय आपल्या परिचयाचा आहे. एका महाराने कोणाचा शब्द मोडला की साऱ्या महारवाड्यावर बहिष्कार पडे, तोच हा न्याय.

महात्मा फुल्यांनी ब्राह्मणशाहीवर आसूड ओढले, आणि १८७४ साली एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. १९२७ साली महाडच्या सत्याग्रहाला पाठिंबा देताना जेधे-जवळकरांनी अट घातली, की त्यात ब्राह्मणांना घेऊ नये. बाबासाहेबांनी ती मानली नाही. आपले भांडण ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मण जातीत जन्मलेल्या माणसाशी नाही, ही त्यांची भूमिका होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. तिथे ग्रंथ जळला. कोणाचे घर जळले नाही.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. माझे आजोबा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते. वाळवे तालुक्यातल्या एका गावात त्यांचे वडील येसकर होते. रात्री ब्राह्मण आळी पेटली आणि वारा महारवाड्याकडे होता. आमची छपरे गवताची. गावचा आड आम्हांला बंद. बायकापोरांनी ओढ्यातून घागरी आणून पहाटेपर्यंत छपरे भिजवली. सकाळी निरोप आला : महारांनी राख उपसायला यावे. रात्री पलिते धरणारांतलेच काही जण तिथे उभे होते, आणि पणजोबांनी त्यांना रोजच्यासारखा जोहार घातला. ब्राह्मणाचे घर जळाले होते, जोहार शाबूत होता. गर्दीत आपला एकही माणूस नव्हता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण गर्दीचा लाभ आपल्या पदरी पडला नाही, हे निश्चित.

लाभ कोणाला झाला? अनेक ब्राह्मण कुटुंबे गाव सोडून शहरात गेली. पुढे १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांमुळे कसणारा मालक झाला. पण ज्याचे नाव कूळ म्हणून लागले होते, तोच मालक होऊ शकत होता. महार-मांग बांधावरचा मजूर. तो कूळ कुठे होता? गावगाड्याच्या वरच्या पायरीवरचा माणूस गेला, खालचा तिथे चढला, पायऱ्या तशाच राहिल्या. आमची वेठ सुटली ती १९५८ च्या वतन रद्द करणाऱ्या कायद्याने. आजोबा तोवर कोयना धरणाच्या कामावर आले होते. हजेरीपटावर नाव आणि हातात रोख मजुरी, हे त्यांनी येथेच प्रथम पाहिले.

आणि ती आग तेवढ्यावर थांबली नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा गावोगावच्या दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. रीत तीच : जात पाहून घर निवडायचे. अठ्ठेचाळीसला 'बरंच झालं' म्हणणाराने अठ्ठ्याहत्तरला कोणत्या तोंडाने न्याय मागावा?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले, की सनदशीर मार्ग खुले झाल्यावर रक्तरंजित मार्ग सोडले पाहिजेत. अन्यथा ते अराजकाचे व्याकरण ठरेल. हा उपदेश त्यांनी मवाळपणातून केलेला नाही. त्याच भाषणात त्यांनी सांगितले, की सामाजिक विषमता टिकली तर तिने पोळलेले लोक ही लोकशाहीच उद्ध्वस्त करतील. कायदा नसलेल्या गावात दुबळ्याची छपरे आधी पेटतात, हे ते जाणून होते.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले : आपले काही जळले नाही, कारण आपल्या बायका रात्रभर ओढ्यावर होत्या. तू घरी जाऊन आजीला विचार. चार दिवसांनी तो परत आला आणि म्हणाला, "सर, आमच्याकडंपण वारा आमच्याच बाजूला होता."