चौक आत, आवार बाहेर



फौजेत असताना मी घर कधी शोधलंच नाही. बदलीचा हुकूम आला की क्वार्टर मिळायचं. सामानाची यादी तपासायची, सही करायची, संपलं. निवृत्तीनंतर मुलीजवळ राहायचं म्हणून बंगळुरूत भाड्याचं घर पाहू लागलो, तेव्हा साठी उलटली होती. उजेड हवा आणि खुर्ची टाकून बसता येईल एवढी स्वतःची मोकळी जागा हवी, एवढंच मागणं. दलालानं भाडं सांगितलं आणि वर दहा महिन्यांचं डिपॉझिट. म्हणे, इथली रीतच आहे.

माझ्या आधी एका तरुण अधिकाऱ्याला या शहरात असंच घर मिळालं होतं. ऑक्टोबर 1896 मध्ये फोर्थ हुसार्स ही घोडदळाची रेजिमेंट इथे आली. तिच्यात 21 वर्षांचा विन्स्टन चर्चिल होता. बार्न्स आणि बेअरिंग या सोबत्यांबरोबर पैसे एकत्र करून त्यानं बंगला घेतला. गुलाबी-पांढरा, कौलारू, खोल व्हरांडे, खांबांवर जांभळी बोगनवेल, भोवती दोनेक एकरांचं आवार. आधी राहणाऱ्याकडून सुमारे दीडशे गुलाबांची झाडंही मिळाली. पगार अर्थात पुरत नव्हता. घरून वर्षाला 500 पौंड यायचे, तरी सावकार गाठावा लागे. हे त्यानंच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. क्लबच्या 1899 च्या नोंदीत त्याच्या नावे 13 रुपये थकलेले आहेत ते वेगळेच. आमच्या वेळी मेसचं बिल असं थकवलं असतं, तर कमांडिंग ऑफिसरनं उभं केलं असतं!

आता हे आवार आलं कुठून ते पाहू. जुनं बंगळुरू म्हणजे केंपेगौडांची पेठ. 1638 मध्ये विजापूरकरांनी ती जिंकली आणि पुढे ती शहाजीराजांच्या जहागिरीत आली. पेठेत घराला घर चिकटलेलं. उजेड यायचा तो मधल्या उघड्या चौकातून, आपल्या वाड्यात येतो तसा. मोकळी जागा घराच्या पोटात. 1809 मध्ये इंग्रजांनी पेठेपासून दूर, हलसूरकडे छावणी वसवली आणि बंगल्यानं हा चौक उलटा करून बाहेर काढला. घर मध्ये, मोकळीक चहूबाजूंनी. पण व्हरांडा खोल असला की आतल्या खोल्या अंधारतात. म्हणजे त्या बंगल्यातला उजेड खरा बाहेर बसूनच घ्यायचा.

सामान्य माणसाच्या घराला आवार मिळायला मात्र प्लेग यावा लागला. 1898 मध्ये साथीनं पेठ हादरली. दोष कोंदट, अंधाऱ्या घरांवर आला. मुंबईत तर ऊन आत यावं म्हणून घरांची कौलं काढत होते. त्याच वर्षी सिमों या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवून दिलं, की प्लेग पसरवते ती उंदरावरची पिसू. पण तोवर मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी आखली जात होती. रुंद रस्ते, घराभोवती जागा, आणि घरांच्या मागून सफाई कामगारांसाठी अरुंद बोळ. मुंबईकर त्याला घरगल्ली म्हणतील. मैला नेणाऱ्यानं पुढच्या अंगणातून येऊ नये, म्हणून तो बोळ. पुढची बाग आणि मागचा बोळ एकाच नकाशावर, एकाच हातानं आखलेले. बागेचं कौतुक सगळे करतात. बोळाचं नाव कोणी काढत नाही.

नव्या इमारतींत मला चौकही दिसला नाही, आवारही नाही. मोठी काच होती, पण पश्चिमेची. दुपारी तिथे बसून दाखवा! बाल्कनी होती, पण कपडे वाळत घालण्यापुरती. शेवटी मल्लेश्वरमात एका जुन्या घराचा वरचा मजला मिळाला, गच्चीसकट. डिपॉझिट घासाघीस करून सहा महिन्यांवर आणलं. गच्चीच्या मागच्या कठड्यावरून तो बोळ दिसतो. आता तिथे स्कूटर लावतात आणि सकाळी पौरकार्मिक बाया त्यांच्यामधून वाट काढत कचरा गोळा करतात.

आधीच्या भाडेकरूनं गच्चीत गुलाबाच्या सात कुंड्या सोडल्या होत्या. दोन जगल्या.