प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या एंजिनाची घरगुती पुनर्बांधणी

मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात पूर्वी तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचे एंजिन पूर्णपणे खोलून, प्रत्येक भागाची झीज मोजून, झिजलेले भाग कातून, घासून किंवा बदलून ते मूळ मापांवर आणणे, आणि हे साधल्यानंतरच त्याच्या क्षमतेत मर्यादित वाढ करणे, अशी ही द्विविध प्रक्रिया आहे. तीस घरगुती म्हणावयाचे ते अशा अर्थाने की, खोलणे, धुणे, मोजणे व पुन्हा बांधणे ही कामे मालकाला आपल्या गॅरेजात करता येतात. सिलिंडर कातणे, क्रँक घासणे आणि हेड प्लेन करणे या कामांसाठी मात्र सर्व सामग्रीनिशी चालणाऱ्या यंत्रशाळेचाच आश्रय घ्यावा लागतो.

पूर्वपीठिका : वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीने इटलीतील फियाटच्या सहकार्याने ‘1100’ या मालिकेतील मोटारी भारतात बनवल्या, त्यांतीलच ‘डिलाइट’ला पुढे 1970 नंतरच्या दशकात प्रथम ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व नंतर ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. तिच्या एंजिनाची वंशावळ 1937 च्या फियाट 508 सी या मोटारीपर्यंत मागे जाते. बिडाचा ठोकळा, अ‍ॅल्युमिनियमचे हेड, तीन मुख्य बेअरिंगांवर फिरणारा क्रँकशाफ्ट, ठोकळ्यातील कॅमशाफ्ट व पुशरॉडने उघडणाऱ्या झडपा अशी त्याची सुगम रचना आहे. सिलिंडरचा व्यास 68 मिमी. व पिस्टनची धाव 75 मिमी. असल्याने चार सिलिंडरांचे एकूण आकारमान 1,089 घ. सेंमी. होते, आणि त्यातून सुमारे 40 अश्वशक्ती मिळते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत ही मोटार अनेक दशके अहोरात्र राबली व 20 वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 अखेर त्या सेवेतून निवृत्त झाली. तथापि टॅक्सींच्या निमित्ताने घडलेले कारागीर आणि सुट्या भागांचा व्यापार यांमुळेच खाजगी मालकांना हे एंजिन बांधणे आजही शक्य होते.

निदान : सायलेन्सरमधून निळसर धूर येणे, ऑइल खाणे, चढणीवर पिकअप न मिळणे व ऑइलचा दाब उतरणे ही झिजलेल्या एंजिनाची प्रमुख लक्षणे होत, परंतु या लक्षणांवरून थेट एंजिन उतरवण्याचा निर्णय घेणे घाईचे ठरते. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकाने नोंदवावा. एखाद्याचा दाब इतरांहून लक्षणीय कमी आढळल्यास त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मापन करावे. दाब चढल्यास दोष रिंगांत किंवा सिलिंडरच्या भिंतीत, आणि जैसे थे राहिल्यास झडपांत किंवा हेड गॅस्केटमध्ये आहे, असे अनुमान निघते. दोष झडपांपुरता असेल, तर ठोकळ्याला हातही न लावता हेडच्या दुरुस्तीवर काम भागते.

खोलणे व मापन : पुनर्बांधणीचे यश पान्याहून मायक्रोमीटरवर अधिक अवलंबून असते. पुशरॉड, टॅपेट, बेअरिंगांच्या टोप्या व कनेक्टिंग रॉड हे भाग एकमेकांच्या संगतीने झिजलेले असल्यामुळे त्यांची अदलाबदल होता कामा नये. म्हणून खोलतानाच प्रत्येकावर क्रमांक व दिशा नोंदवून ठेवावी. सिलिंडरच्या वरच्या कडेशी, जिथपर्यंत रिंग पोहोचत नाही तेथे, न झिजलेल्या धातूची बारीक कड राहते. नखाला ती स्पष्ट अडकली की तिच्या खालची भिंत झिजली आहे हे मापकाविनाही कळते. प्रत्यक्ष मापन मात्र वर, मध्ये व खाली अशा तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर परस्परांशी काटकोनातील दोन दिशांनी करावे लागते, कारण पिस्टनचा रेटा क्रँकच्या अक्षाशी काटकोनात पडत असल्याने सिलिंडर त्या दिशेने अधिक झिजून लंबवर्तुळाकार होतो. क्रँकच्या जर्नलांचीही अशीच तपासणी करावी; ती अंडाकृती झाली असल्यास केवळ नवी बेअरिंगे बसवल्याने काही साधत नाही.

यंत्रशाळेतील कामे : नवे पिस्टन अगोदर हाती आल्याखेरीज ठोकळा बोर करण्यास देऊ नये, कारण कातावयाचे माप पिस्टनच्या प्रत्यक्ष व्यासावरून ठरते, वेष्टनावर छापलेल्या आकड्यावरून नव्हे. बोर केल्यावर होनिंगने भिंतीवर तिरप्या रेषांची जाळी उमटवतात, जीत ऑइल धरून राहते. यानंतरची पायरी घरची असून तीच बहुधा उपेक्षिली जाते : होनिंगची अपघर्षक धूळ धातूच्या रंध्रांत बसलेली असते आणि रॉकेलने ती निघत नाही. कढत पाणी, साबण व ब्रश घेऊन, ऑइल लावलेले पांढरे फडके आतून फिरवल्यावर स्वच्छ बाहेर येईपर्यंत ठोकळा धुवावा व लगेच कोरडा करून ऑइलचा हात द्यावा, अन्यथा काही मिनिटांतच तांबूस गंज दिसू लागतो.

अ‍ॅल्युमिनियमचे हेड एंजिन तापल्यास वाकते; म्हणून सरळ पट्टी व फीलर गेज यांनी त्याचा सपाटपणा पडताळावा आणि आवश्यक तेवढाच थर प्लेन करून घ्यावा. 2000 साली देशभर सीसविरहित पेट्रोल आल्यानंतर झडपांना सीशाचे संरक्षण उरले नाही; सबब एक्झॉस्टच्या झडपा व त्यांच्या सीट बदलताना कठीण मिश्रधातूच्याच घ्याव्या.

पुनर्जुळणी : प्रत्येक रिंग तिच्या सिलिंडरमध्ये घालून, पिस्टनच्या माथ्याने समतल ढकलून, तिच्या दोन टोकांमधील फट फीलर गेजने मोजावी. या व्यासाला स्थूल मानाने पाव मिलिमीटरच्या आसपास फट लागते. ती कमी पडल्यास तापलेल्या रिंगेची टोके एकमेकांस भिडून रिंग मोडते व भिंत ओरखडते. क्रँक बसवल्यावर एकेका बेअरिंगची टोपी आवळून तो हाताने फिरवून पाहावा. जी टोपी आवळताच तो जड होतो, तिथला दोष तिथेच सापडतो. हेडचे नट टॉर्क पान्याने, मध्यापासून बाहेरच्या बाजूस व टप्प्याटप्प्याने आवळावे. इग्निशनच्या तारा 1-3-4-2 या क्रमाने जोडाव्या.

क्षमतावृद्धी : सिलिंडर अर्धा मिमी. वाढवल्याने आकारमान 1,105 घ. सेंमी. होते, म्हणजे वाढ दीड टक्क्याची. तेव्हा केवळ बोरिंगने शक्ती वाढते ही समजूत गणिताला धरून नाही. इटलीत याच मालिकेचे 72 मिमी. व्यासाचे, 1,221 घ. सेंमी.चे एंजिन निघाले होते. परंतु त्याच्या आधारे कुर्ल्याच्या ठोकळ्याची भिंत तितकी कातणे धोक्याचे आहे. हेड प्लेन करून संपीडन गुणोत्तर वाढवणे अधिक फलदायी ठरते. मूळ गुणोत्तर 8 धरल्यास ज्वलनकक्षाचे आकारमान सुमारे 39 घ. सेंमी. येते, आणि सिलिंडरच्या पूर्ण क्षेत्रावरून अर्ध्या मिलिमीटरचा थर निघाल्यास ते पावणेदोन घ. सेंमी.हून थोडे अधिक घटून गुणोत्तर 8.3 च्या वर जाते. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आणि नवा रेडिएटर कोअर या सुधारणा शक्तीत अल्प भर घालतात, पण भरवसा पुष्कळ वाढवतात. देशात 2025 पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर गेल्याने जुन्या रबरी नळ्या व पेट्रोल पंपाचा पडदा बदलणे, तसेच मिश्रण पातळ होत असल्यास कार्ब्युरेटरचा जेट किंचित मोठा घेणे, ही आता आवश्यक कामे झाली आहेत.

कायदेशीर बाजू : मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत ठरेल असा फेरबदल करण्यास मनाई आहे, म्हणून प्रीमियर 118 एनई या मोटारीतील निस्सान रचनेचे 1,171 घ. सेंमी.चे एंजिन पद्मिनीत बसवण्याचा मोह होणाऱ्याने प्रथम परिवहन कार्यालयाकडे खुलासा मागावा. पहिल्या नोंदणीस 50 वर्षे उलटलेल्या मोटारींसाठी 2021 मध्ये केंद्र शासनाने व्हिंटेज नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली असून, मूळ स्वरूप राखलेले असणे ही तीतील मुख्य अट आहे. आरंभीच्या पद्मिनी आता या मुदतीत येऊ लागल्या आहेत. मूळ ठोकळा, मूळ क्रमांक व मूळ मापे जपून केलेली पुनर्बांधणी कायद्याच्या दृष्टीने सुरक्षित आहे. शिवाय झिजलेल्या एंजिनाने गमावलेली शक्ती बिनचूक मापनाने जितकी परत मिळते, तितकी कोणत्याही जोड-सुधारणेने मिळत नाही. या कारणास्तव सुधारणेवर खर्च करण्यापूर्वी तो मायक्रोमीटर, टॉर्क पाना आणि चांगली यंत्रशाळा यांवर करणे हेच सर्वथा श्रेयस्कर होय.